मागचा डावा स्पीकर

मुलुंड पूर्व,
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिद्धू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडता फेकून द्यावंसं तुला वाटलं असेल, तर तुझं चूक नाही. पण फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. एक तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर दुसऱ्या मिनिटाला आपण भांडलो असतो. आपल्या घरात फोनवर कधी कुणी धड बोललंय का? मुलुंड ते बोरिवली, मध्ये एक डोंगर आणि दीड तासाची बस. अकरा वर्षांत एवढं अंतर आपल्याला पार करता आलं नाही, तर पत्राने तरी होतंय का बघू. कुरिअरने पाठवतेय, म्हणजे मंगळवारपर्यंत पोचेल.

आधी बातमी. आपली बिल्डिंग पाडतायत. कागदपत्रं झाली, सह्या झाल्या, वरचे तिन्ही मजले रिकामेसुद्धा झाले. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, आपल्याला चावी द्यायची आहे. टेम्पो ठरलाय, भांडुपला भाड्याची जागा बघितली आहे, निम्मं सामान खोक्यांत गेलंय. आणि आई म्हणतेय, मी येणार नाही. रडत नाही, ओरडत नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून खुर्चीत बसते आणि एवढंच म्हणते, "मी खंय येवचंय नाय. तुमी जावा." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी उचलून तर नेऊ शकत नाही. रविवारनंतर पाणी तोडणार, लाइट तोडणार. रिकाम्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर ती एकटी बसून राहील, आणि तिचा स्वभाव तुला माहीत आहे, खरंच बसून राहील. हे सगळं कशापायी, तर तुझ्या त्या जुन्या स्पीकरांपायी. थट्टा करत नाहीये. क्रमाने सांगते, नाहीतर मलाच गुंता होतो.

तुझे स्पीकर म्हणजे पाच छोटे आणि तो एक मोठा धुमधुमणारा डबा, जो तू ऑर्केस्ट्रात साउंडचं काम करायला लागलास तेव्हा घेऊन आला होतास. दोन समोर, एक मधोमध टीव्हीवर, दोन मागे. मागचा उजवा मोरीच्या बोळापाशी आणि मागचा डावा स्वयंपाकघराच्या दारावर. भिंतीला खिळे ठोकलेस म्हणून बाबांनी केवढा आरडाओरडा केला होता, आणि नंतर आल्यागेल्याला तेच सांगत सुटायचे की बसा, बसा, आमच्याकडे आवाज मागून पण येतो. तू गेल्यानंतरही ते तसेच होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत बाबा गेले, त्याच्या आधी थोडे दिवस जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. मग तो मोठा डबा मी माळ्यावर टाकला. भिंतीवरचे पाच तिथेच राहिले, वायरी धूळ खात.

बाबांचं नाव आलंच आहे तर सांगते. स्मशानात तू आला होतास, गेटपाशी पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतास, ते मी बघितलं होतं. गावच्या चुलतभावाने अग्नी दिला तेव्हा तू मान खाली घातलीस. मी हाक मारायला हवी होती. नाही मारली. माणसं काय म्हणतील याची भीती आपल्या घरात देवाच्या भीतीपेक्षा मोठी, आणि मी त्याच घरातली.

तर, निधीने नवा कॉम्प्युटर घेतला. ती आता एकोणीस वर्षांची आहे, तुझ्या खांद्यावर बसून गणपती बघायला जायची ती. आवराआवर करताना तिला माळ्यावर तो डबा सापडला आणि हुरूप आला. जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क काढून तिने कशात तरी घातली आणि त्यात तिला 'गाऱ्हाणं' नावाची फाइल मिळाली. कुठली ते तुला सांगायला नको. देवापुढे नारळ ठेवून बाबा जे गाऱ्हाणं घालायचे त्याची, दोन हजार आठच्या गणपतीत तू केलेली. मंडळाची माणसं बाबांना, म्हणजे त्यांच्या धाकूबुवांना, म्हणायची, बुवा, तुमचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करून ठेवा, तुमच्यानंतर असं घालणारा कोण आहे? मग तू आम्हाला एकेकाला पंख्याच्या खाली उभं करून माइकमध्ये बोलायला लावलंस. बाबा सलग बोलले. आईने, मी आणि तू वेगवेगळे होकार दिले, आणि तू ते असे लावलेस की बाबा समोरच्या दोन स्पीकरांतून बोलतात, आईचा "व्हय म्हाराजा" मधल्यातून येतो, माझा मागच्या उजव्यातून आणि तुझा मागच्या डाव्यातून. पहिल्यांदा वाजवलंस तेव्हा आईने खरोखर मागे वळून बघितलं होतं.

निधीच्या नव्या कॉम्प्युटरला मागे एकच भोक. तुझ्या डब्याच्या तीन पिना, हिरवी, काळी आणि केशरी. कुठली कुठे घालायची कुणाला माहीत? तिने हिरवी घातली, ती बसली, बाकीच्या दोन लोंबत ठेवल्या. सोमवार होता, तीन तारीख, दुपारचे बारा वाजत आले होते, मी सुट्टीवर होते. तिने फाइल लावली आणि पावणेदोन वर्षांनंतर घरात बाबा बोलले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे नारळ ठेवून हुभी आसत..." आई भाकऱ्या करत होती. पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि जागच्या जागी उभी राहिली. मला हुंदका आला, लपवत नाही. पण बाबा एक वाक्य बोलायचे आणि पुढे नुसती शांतता. पुन्हा एक वाक्य, पुन्हा शांतता. होकारच नाहीत. आम्ही तिघं बाकीच्या दोन पिनांमध्ये होतो आणि त्या पिना जमिनीवर पडल्या होत्या.

आईने पहिलं काय विचारलं असेल? "होकार खंय गेले?" मी सांगितलं, वायर लागली नाही, लावू. पण तिला ते पटेना. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर ते देवापर्यंत पोचत नाही, मध्येच लोंबकळतं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. तिने तिथेच उभं राहून बाबांच्या प्रत्येक वाक्याला स्वतः होकार दिला. आणि मग तिने ठरवलं. घर सोडताना जागेवाल्याला, त्या जागेच्या राखणदाराला, नारळ ठेवून निरोप घ्यायचा असतो, घरातल्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं असतं. आता घरात पुरुष कोण? तर हे गाऱ्हाणं बाबाच घालतील, त्या फाइलमधून. तिच्या डोळ्यांत मी कित्येक महिन्यांनी तेज बघितलं. म्हटलं, ठीक आहे, म्हातारीच्या मनासारखं होऊ दे.

त्या दिवसापासून ती रोज बाराला निधीला ते लावायला सांगायची. निधी नसली की मला. दोघी नसलो की स्वतः, कुठलं बटण दाबायचं ते तिने शिकून घेतलं होतं. बुधवारी मी कामावरून आले तर ताटं मांडलेली. चार. निधीची कुणी मैत्रीण येणार असेल म्हणून मी विचारलं. आई मला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, पाणी आलं म्हणून सांगावं तशी, "सिद्धू बोल्लो आज. थंयसून." आणि स्वयंपाकघराच्या दारावर बोट दाखवलं. बाबांनी तुझं नाव घेतलं, "माझो झील सिद्धेस, तेका सुखी ठेव म्हाराजा", आणि त्यावर तुझा होकार आला, असं तिचं म्हणणं.

मी तिला झापलं. खोटं का सांगू, जोरात झापलं. औषधांच्या कारखान्यात तपासणीला बावीस वर्षं काढली मी, शंका घ्यायचाच पगार मिळतो मला. काळी पिन उचलून तिच्या डोळ्यांसमोर नाचवली. म्हटलं, हे बघ, मागचे स्पीकर जोडलेलेच नाहीत, आवाज येईल कुठून? तिने पिनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चौथ्या ताटात भात वाढला. मनात आलं, संपलं, आता हिचं डोकंपण चाललं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण सिद्धू, मला झोप न लागण्याचं कारण आईचं डोकं एवढंच नव्हतं. ते सांगते थोड्या वेळाने. अजून धीर होत नाहीये.

शनिवारी, आठ तारखेला, मी घरी होते. आई खाली भाजीवालीशी वाद घालत होती, तिचा आवाज खिडकीतून येत होता. निधी कॉलेजला. लख्ख ऊन, समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. भुताखेताची वेळच नव्हे ती. आईच्या मनाचे खेळ एकदाचे मोडून टाकावेत म्हणून मी फाइल लावली आणि काळी पिन हातात धरून, हो, हातात धरून, घराच्या मधोमध उभी राहिले. बाबा बोलत गेले. घर, शेजार, गाव, चूकभूल. मग तुझं नाव आलं. आणि माझ्या मागून, दाराच्या वरून, कुणीतरी आधी घसा साफ केला. मग म्हणालं, "व्हय म्हाराजा."

पुढचं नीट ऐक, कारण हे मी आईलाही बोललेली नाही. रेकॉर्डिंगमधला तुझा होकार मला पाठ आहे. वीस वर्षांचा तू, घाईघाईत बोललेलास, हसू दाबून, कारण निधी तेव्हा तुझी चड्डी ओढत होती. मी ऐकला तो आवाज तसा नव्हता. तो मोठ्या पुरुषाचा होता. थकलेला, जरासा बसलेला, आणि कसलीच घाई नसलेला. आणि त्याच्यामागे, लांब कुठेतरी, कुकरची शिट्टी झाली. आमच्या गॅसवर काहीच नव्हतं, भाजी तर अजून खाली होती.

मी प्लग ओढून सगळं बंद केलं आणि आई येईपर्यंत जिन्यात जाऊन बसले. वरच्या मजल्यांवर कुणी राहत नाही आता, जिना नुसता घुमतो. आई वर आली, तिने माझं तोंड बघितलं आणि पिशवी खाली ठेवत एवढंच विचारलं, "आयकलंस?" मी नाही म्हटलं. बघ, तेव्हासुद्धा मी खोटंच बोलले.

बुधवारी मी रजा टाकली. आईला शेजारच्या बिल्डिंगमधल्या सुलक्षणाकाकूंकडे हळदीकुंकवाच्या डब्या आणायला पाठवलं, स्टूल घेतलं आणि चढून त्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. म्हटलं कानांना भास होतील, हाताला कसे होतील? तुझं नाव आलं. आणि जाळी थरथरली सिद्धू. बारीक, आतून कुणी बोलत असावं तशी. "व्हय म्हाराजा." या वेळी घसा साफ केला नाहीस. आवाज तोच, थकलेला. मी स्टुलावरून कशी उतरले ते मला आठवत नाही. मग मात्र मी कुंडलिकला फोन केला.

कुंडलिक आठवतो ना, स्टेशनजवळचा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला, ज्याच्या दुकानात तू शाळा बुडवून बसायचास? केस पांढरे झालेत, जिभेची धार तशीच आहे. रविवारी सोळा तारखेला आला. मी त्याला फक्त एवढंच म्हटलं की जोडलेला नसताना मागचा स्पीकर बोलतो. तो हसला. म्हणाला, ताई, एवढी लांब उघडी वायर म्हणजे एरियलच. कुणाचा वायरलेस पकडेल, रेडिओ पकडेल, पोलिसांची गाडी पकडेल. मला एवढं बरं वाटलं की त्याला दोनदा चहा दिला. मग त्याने खिशातून एक छोटी डबी काढली, काड्यापेटीएवढी. म्हणाला, तुमच्या नव्या कॉम्प्युटरला दोनच कान, त्याला सहा कान लावायला ही पाहिजे. डबी कॉम्प्युटरला जोडली, तिला तीन भोकं. हिरवी, काळी, केशरी, ज्याची त्याची. मग स्क्रीनवर कसलीशी सेटिंग बदलली आणि एकेक स्पीकर वाजवून बघितला. समोरचा डावा, टुंग. मधला, टुंग. उजवा, टुंग. मागचा उजवा, टुंग. मागचा डावा, तोसुद्धा टुंग, खणखणीत. आई टाळ्या वाजवायची तेवढी बाकी होती.

मग त्याने गाऱ्हाणं लावलं. बाबा समोरून बोलले, आईचा होकार मधून आला, माझा उजवीकडून मागून. सत्तेचाळीस वर्षांच्या मला तिशीतल्या स्वतःचा आवाज ऐकून कसंतरीच झालं. आणि डावीकडून काही नाही. सगळ्या गाऱ्हाण्यात एकदाही नाही. आईने वाट बघितली, तुझं नाव आलं, तिने मान वर केली, दाराकडे बघितलं. काही नाही. कुंडलिकने वायर हलवली, पिन काढून घातली, उजव्याचा डावीकडे लावला. शेवटी त्याने ती फाइल स्क्रीनवर उघडली. सहा पट्ट्या, एकाखाली एक. बाकीच्यांत डोंगरासारखे उंचवटे, आणि एक पट्टी सरळ रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो म्हणाला, "ताई, इथला आवाज कुणीतरी पुसलाय." आणि माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार.

मी पुसला, सिद्धू.

तू दर्शनाला घेऊन गेलास त्याच्या दुसऱ्या महिन्यात. ती घाटकोपरची, बौद्ध घरातली, म्हणून बाबांनी तुला जे जे ऐकवलं ते मी परत लिहिणार नाही. त्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून ऐकत उभी होते, आणि दर्शना आपल्या दारात चपला हातात घेऊन. तिने चपला काढल्या होत्या, आणि तिला आत या असं कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मग एका दुपारी बाबा माझ्या मागे येऊन बसले आणि म्हणाले, त्या गाऱ्हाण्यातून तेचो आवाज काढ. तूच मला शिकवलं होतंस ना, कुठली पट्टी कुणाची. मी नाही म्हणू शकले असते. पण तेव्हा नवऱ्याचं घर सोडून येऊन मला दोन वर्षं झाली होती, आठ वर्षांची पोर पदरात, बाबांच्या छपराखाली राहत होते. हे कारण म्हणून सांगतेय, माफी म्हणून नाही. मी तुझी पट्टी निवडली आणि पुसली. सेव्ह केली. मग म्हटलं, बाबा, तुमच्या बोलण्यात त्याचं नावपण आहे, तेही काढू का? विचारलं मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबा म्हणाले, "ता रवांदे." म्हणून नाव तेवढं राहिलं.

आणि मग त्यांनी ते रोज लावायला सुरुवात केली. कॉम्प्युटर बंद पडेपर्यंत, रोज बाराला. तुझं नाव यायचं, पुढे मोकळी जागा जायची, आणि ते खुर्चीत बसून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचे. एवढं होतं तर पोराला फोन का नाही लावला, म्हणशील. मी पण तेच म्हणायचे, मनात. तोंडाने म्हणायची माझी छाती झाली नाही. आई त्या वेळी आत असायची, तिला वाटायचं दाराखाली बसून तुझा आवाज ऐकू येत नाही, कान गेले. मी तिला कान तपासून घे म्हणाले होते. एवढी नीच आहे तुझी बहीण.

आता तुला कळलं ना मला झोप का लागत नव्हती? आईला भास झाला असं म्हणणं सोपं होतं. सैल वायरने फाइलमधला आवाज ओढला म्हणणंही सोपं होतं. पण त्या फाइलमध्ये तुझा आवाजच नाही, हे घरात एकट्या मला माहीत होतं.

कुंडलिक गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. पुसल्याचं. वाटलं होतं थोबाडीत मारेल, बरं झालं असतं. तिने विचारलं, "तेणीच सांगितल्यानी?" मी हो म्हटलं. मग ती पदराला हात पुसत दारापाशी जाऊन बसली. त्या दिवसापासून एकदाही आवाज आलेला नाही. रोज बाराला लावतो, सगळं नीट जोडलेलं आहे, पाचही स्पीकर झकास वाजतात, आणि डावीकडे नुसती शांतता. चौथं ताट ती अजून मांडते. मंगळवारी मला म्हणाली, "तू तार लायलंस आणि तो गप झालो." तिचा हिशेब असा की तू इथे येत होतास, या दारापर्यंत, आणि आम्ही तुला पुन्हा हाकललं. तुझा होकार मिळाल्याशिवाय ती जागेवाल्याचा निरोप घेणार नाही, आणि निरोप घेतल्याशिवाय घर सोडणार नाही. भांडुपच्या जागेत तेका दार कसा सापडतला, असं निधीला विचारत होती. निधी रडत माझ्याकडे आली.

एवढं होऊनही मी तुला लिहिलं नसतं, सिद्धू. माझं तोंड नव्हतं. मी आईला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं, झोपेची गोळी देऊन टेम्पोत बसवायचं, इथवर मनात आणलं होतं. पण परवा, गुरुवारी संध्याकाळी, मला दर्शनाचा फोन आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या फोनमध्ये माझा नंबर अजून 'ताई' म्हणून आहे, तिथून घेतला म्हणाली, आणि तुला सांगू नका म्हणाली, पण मी सांगतेय. तिने आधी आई बरी आहे ना विचारलं. मग चाचरत म्हणाली, तुम्हाला एक विचारायचं होतं. तिची शाळा सकाळची, साडेअकराला घरी येते, तू तेव्हा स्वयंपाकघरात डाळभात लावत असतोस. या महिन्याच्या सुरुवातीला तू एका दुपारी हातातलं काम सोडून मध्येच थांबलास, कुणी हाक मारल्यासारखी मान वर केलीस, आणि काहीतरी बोललास. असं बरेच दिवस झालं, रोज त्याच वेळेला. तिने विचारलं तर म्हणालास, मी कुठे काय बोललो? तिला वाटलं, तुला काही आजार तर नाही. मग सोळा तारखेपासून ते थांबलं, आणि तेव्हापासून तू बाराच्या सुमाराला ताट बाजूला सारून नुसता बसून असतोस, जेवत नाहीस, कसली वाट बघतोयस ते तुलाही सांगता येत नाही. मी तिला विचारलं, काय बोलायचा गं तो? तिला मालवणी येत नाही, तिने जसं ऐकलं तसं, एकेक अक्षर जोडत म्हणून दाखवलं. व्हय म्हाराजा. म्हणून हे पत्र. हे काय आहे ते मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. आईला मी दर्शनाच्या फोनचं अजून सांगितलेलं नाही, तू आला नाहीस तर तिला ते सोसणार नाही. रविवारी, तीस तारखेला, दुपारी बाराला या. तू, दर्शना आणि तुमची लेक, तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. दर्शनाला दारात मी स्वतः घ्यायला उभी राहीन, खाली माणसं जमली तरी. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, मला चालेल. नारळ ठेवून आम्ही बाबांचं गाऱ्हाणं लावू, ते तुझं नाव घेतील, आणि निधी तिथे ते थांबवून ठेवेल. तू बोलेपर्यंत आम्ही कुणी पुढे सरकणार नाही.

तुझीच,
ताई